विरजण

माझे यजमान एकतीस वर्षे मैलापाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. हे वाक्य इतक्या सरळपणे लिहिण्यास मला त्यांच्या निधनानंतरही चार वर्षे लागली. ते हयात असताना पुण्याकडचे कोणी विचारले, तर ‘पाण्याच्या खात्यात असतात’ असे मी सांगत असे. बंगळूरला कावेरीचे पाणी १९७४ साली आले आणि मी लग्न होऊन १९७६ साली आले. सुमारे शंभर किलोमीटरांवरून, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून आणलेल्या त्या पाण्याचे तेव्हा सर्वांना कौतुक होते. यजमानांचा संबंध त्या पाण्याशी असावा असा कोणी समज करून घेतला, तर मी तो दुरुस्त करीत नसे. घरात आलेले पाणी वापरून झाल्यावर पुढे जाते कोठे, हा प्रश्न आमच्या नातेवाइकांच्या दिवाणखान्यात कधी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

हा विषय आज निघाला तो एका अनुवादामुळे. बंगळूरच्या तलावांविषयीचा एक कन्नड लेख मराठीत आणण्याचे काम मी गेल्या वर्षी पत्करले. कन्नडमधून मराठीत येताना मी आजवर अडले ती बहुधा नात्यांच्या, कुळाचारांच्या किंवा शिव्यांच्या शब्दांपाशी. या खेपेस अडले ती एका तांत्रिक संज्ञेपाशी. मूळ लेखकाने ‘अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज’ हा शब्दच कन्नड लिपीत ठेवून दिला होता आणि आपली सुटका करून घेतली होती. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘सक्रियित आपंक’ असा शब्द आहे. मराठीत ‘सक्रिय गाळ’ म्हणतात. पहिला शब्द वाचकाला उंबरठ्यावरच अडवतो. दुसरा कळतो, पण चुकीचे कळवतो. ‘गाळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तळाशी निपचित पडलेले, उपसून टाकण्याजोगे काहीतरी येते; ‘सक्रिय’ हे विशेषण त्याच्यामागे कितीही धावले तरी त्यात जीव येत नाही. ज्या वस्तूसाठी मी शब्द शोधीत होते, ती तर जिवांचीच बनलेली होती.

ती वस्तू काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मैलापाणी मोठ्या टाकीत घेऊन त्यात सतत हवा खेळवत राहिले, म्हणजे त्यातील घाणीवर जगणारे जिवाणू वाढू लागतात. ते एकमेकांना चिकटून पिंजलेल्या कापसासारखे पुंजके करतात. मग त्या पुंजक्यांच्या आश्रयाने त्यांच्याहून मोठे आदिजीव राहावयास येतात, आणि आणखी काही काळाने रोटिफर नावाचे, डोक्यावर चक्र फिरत असल्याचा भास होणारे सूक्ष्म प्राणी. हवा थांबवली की पुंजके तळाशी बसतात व वर नितळ पाणी राहते. ते पाणी काढून घ्यावयाचे, आणि खाली बसलेल्यांपैकी बराचसा भाग नव्याने आलेल्या मैलापाण्यात परत सोडावयाचा. सारी विद्या या शेवटच्या कृतीत आहे.

ही विद्या १९१४ साली मँचेस्टरमध्ये हाती लागली. गिल्बर्ट फौलर हे तेथे या विषयातले मोठे नाव. कोळशाच्या खाणीतील पाण्यात सापडलेला एक जिवाणू त्यांनी वेगळा काढला होता, त्याला ‘एम-७’ असे नाव दिले होते, आणि मैलापाणी नितळ करण्याचे काम हा एकटा करील अशी त्यांना आशा होती. त्यांच्याच प्रेरणेने आर्डर्न व लॉकेट या दोघांनी बाटल्यांतून मैलापाण्यात हवा खेळवण्याचे प्रयोग सुरू केले. पहिल्या खेपेस त्या पाण्यातील अमोनियाचे पुरतेपणी नायट्रेट होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. इतकी सवड कोणत्या शहराला असणार? परंतु त्यांनी एक साधी गोष्ट केली. बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकून दिला नाही. वरचे पाणी ओतून त्याच गाळावर नवे मैलापाणी घातले. पुन्हा तसेच, पुन्हा तसेच. प्रत्येक खेपेस वेळ कमी होत गेला आणि अखेर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी आपला निबंध वाचला. एम-७ चे नाव आज इतिहास लिहिणाऱ्यांनाच ठाऊक आहे. पाणी शुद्ध करणारा असा कोणी एक जीव नव्हताच. आधीच्या खेपेस जे जगले, टिकले, एकमेकांना चिकटून राहिले, त्या सगळ्यांनी मिळून पुढच्या खेपेचे काम उरकले होते.

हेच फौलर १९१६ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. मल्लेश्वरमकडची जुनी माणसे या संस्थेला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. शहरांतून वाहून जाणारा नायट्रोजन शेतजमिनीला परत कसा मिळेल, हा फौलर यांचा ध्यास होता. त्या विषयावर त्यांनी पुढे ग्रंथही लिहिला. त्यांच्यामागे तेथील जीवरसायन विभागात मैलापाण्याच्या अभ्यासाची परंपरा राहिली. मराठी वाचकाला हा विभाग वेगळ्या कारणाने परिचित असावा. १९३३ साली मुंबईहून आलेल्या कमला भागवत यांना, त्या केवळ स्त्री आहेत म्हणून, संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, आणि अखेर अटींवर त्यांना घ्यावे लागले, ते याच विभागात. कमलाबाई सोहोनी म्हणून आपण त्यांना ओळखतो. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या भगिनी. यजमानांना या गोष्टीचे फार अप्रूप होते. साहित्यातली माझी माणसे आणि प्रयोगशाळेतली त्यांची माणसे ही एका घरात नांदू शकतात, याचा तो त्यांना सापडलेला पुरावा होता, आणि आमच्यात वाद झाला की ते तो पुढे करीत.

त्यांचे खरे दैवत मात्र एस. सी. पिल्लै. पिल्लै आणि व्ही. सुब्रह्मण्यन् यांनी १९४२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. मैलापाण्याच्या शुद्धीकरणात आदिजीवांना, विशेषतः देठावर बसणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आदिजीवांना, मोठे स्थान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तोपर्यंत जिवाणूच सर्व काही करतात, बाकीचे आपले फुकट खाणारे पाहुणे, असा बहुतेकांचा समज होता. पिल्लैंचे म्हणणे सर्वांना मानवले नाही. ते थोडे ताणलेलेही होते असे यजमान स्वतः कबूल करीत. पण १९६८ साली इंग्लंडमध्ये कर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिजीवांवाचून आणि आदिजीवांसह अशा दोन्ही प्रकारांनी टाक्या चालवून पाहिल्या. आदिजीव नसले की बाहेर पडणारे पाणी गढूळ राहते आणि ते सोडले की निवळते, असे त्यांना आढळले. मोकळे फिरणारे जिवाणू ते टिपून खातात. चव्वेचाळीसाव्या पानावर हा तपशील यजमानांच्या वहीत आहे, आणि त्याच्याखाली दोन रेघा.

ही वही माझ्याकडे आली ती ते गेल्यावर. ते असताना त्यांच्या प्रयोगशाळेत मी एकदाच गेले होते, १९७९ च्या डिसेंबरात, तेही अनिच्छेने. एका कारखान्याच्या वसाहतीचे मैलापाणी शुद्ध करणारे ते लहानसे केंद्र होते. नाकाला पदर लावूनच मी आत शिरले. परंतु हवेच्या टाकीजवळ उभे राहिल्यावर पदर आपोआप खाली आला. तेथे दुर्गंधी नव्हती. पहिल्या पावसानंतर परसात येतो तसा मातकट वास होता. त्यांनी टाकीतले काकवीच्या रंगाचे पाणी एका उभ्या, लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात घेतले आणि मला घड्याळ पाहावयास सांगितले. अर्ध्या तासात तपकिरी भाग तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली बसला. वरच्या पाण्यातून पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत होते.

मग त्यांनी एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मला प्रथम धुरकट पुंजक्यांखेरीज काही दिसेना. नंतर एका पुंजक्याच्या कडेला बारीक देठांवर उभ्या असलेल्या घंटा दिसल्या. त्यांच्या तोंडाशी केसांची किनार भिरभिरत होती आणि त्या भोवऱ्यात आसपासचे कण ओढले जात होते. एकाएकी एका घंटेचा देठ मळसूत्रासारखा वळून आखडला, ती पुंजक्यात दडली, आणि क्षणभराने पुन्हा सावकाश उलगडली. ‘व्हॉर्टिसेला,’ ते म्हणाले. ‘ही मंडळी दिसली की मी निश्चिंत.’ टाकी नवी असते तेव्हा प्रथम चाबकासारखी शेपटी हलवणारे येतात. मग मोकळे पोहणारे. पुंजके बांधले गेले की त्यांच्यावर सरपटणारे आणि देठावर बसणारे. आणि टाकी चांगली मुरली की रोटिफर. कोण आले आहे आणि कोण निघून गेले आहे, एवढ्यावरून काल टाकीत काय घडले ते त्यांना कळत असे. रासायनिक तपासणीचा निकाल पाच दिवसांनी यावयाचा. तोवर या घंटांच्या साक्षीवर ते केंद्र चालवीत.

आता त्या रात्रीविषयी. १९८३ सालच्या उन्हाळ्यात, वीजकपातीच्या दिवसांत, कारखान्याच्या कोणत्या तरी विभागातून धातूंवर मुलामा देण्याचे वापरलेले द्रावण मैलापाण्याच्या नळात सोडले गेले. कोणी सोडले हे अखेरपर्यंत ठरले नाही, किंवा ठरवले गेले नाही. टाकी एका दिवसात मेली. त्यातच हवा पुरवणारी यंत्रे वीज नसल्याने तासन्‌तास बंद. तपकिरी रंग जाऊन काळा आला, आणि मला जो वास अपेक्षित होता तो खरोखरच आला. नव्याने सुरुवात करावयाची तर वस्ती बसण्यास कित्येक आठवडे जाणार, आणि तोवर वसाहतीचे सगळे मैलापाणी तसेच ओढ्यात जाणार. तेव्हा यजमान टँकर घेऊन दुसऱ्या एका केंद्रावर गेले, तेथील टाकीतला जिवंत गाळ मागून घेतला आणि रात्रीतच परतले. टँकर वाटेत थांबवणे शक्य नव्हते; हवेवाचून आतले जीव गुदमरले असते.

पहाटे ते मागच्या दाराशी आले. मी त्यांना घरात घेतले नाही. परसात दोन बादल्या पाणी ठेवले, कपडे तेथेच काढावयास लावले आणि कोठे गेला होता असे विचारले. ते दमले होते, पण खुशीत होते. म्हणाले, ‘विरजण आणायला.’

मला त्या शब्दाचा इतका राग आला, की पुढे कित्येक दिवस दही लावताना तो आठवे आणि हात आखडे. ज्या शब्दाला सोवळ्याचा वास आहे, तो त्यांनी तेथे नेऊन बुडवला होता.

आज विचार करते तेव्हा वाटते, की याहून नेमका शब्द त्यांना सापडणे शक्य नव्हते. कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातले उद्याच्या. दह्यातही एकच एक जीव नसतो, अनेक मिळून ते लावतात. विरजण नासले तर ते शेजारणीकडून आणावे लागते. बंगळूरला आल्यावर माझी कन्नड सुरू झाली ती याच निमित्ताने. पहिल्या उन्हाळ्यात वाटी घेऊन शेजारच्या आजींच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी ‘हेप्पु’ हा शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि मगच वाटीत दही घातले. (इडलीच्या पिठाला मात्र हेप्पु लागत नाही हे समजून घेण्यास मला वर्ष लागले. त्याचे जीव उडदाच्या डाळीबरोबरच घरात येतात. मी आरंभी त्यातही ताक घालीत असे आणि आजी कपाळाला हात लावीत.) आमच्या घरातले दही तेव्हापासून त्या आजींच्या दह्याच्या वंशातले आहे. अधूनमधून खंड पडला, तेव्हा ज्यांना त्यांनी विरजण दिले होते त्यांच्याकडून ते परत आणले.

मराठीने या शब्दाशी एक चमत्कारिक व्यवहार केला आहे. उत्साहावर विरजण पडले, आनंदावर विरजण पडले, असे आपण म्हणतो, आणि आपल्याला म्हणावयाचे असते की सगळे बिघडले. दुधाच्या बाजूने पाहिले तर ते खरेच आहे, दूध नासते. या वाक्प्रचाराने दह्याची बाजू घेतलेली नाही. शुद्ध ते ढवळू नये, त्यात परके काही पडू नये, ही आपली जुनी धास्ती त्यात साठली आहे असे मला वाटते. ‘जंतू’ या शब्दाचेही असेच झाले. त्यातल्या किळसेवर उपाय म्हणून आधी ‘सूक्ष्मजंतू’ आणि मग ‘जिवाणू’ आला. परिभाषा करणाऱ्यांनी शब्द बदलला, पण नाकावरचा पदर त्याने खाली येत नाही.

या पदराविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुढे नेता येत नाही. केंद्राच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी असे, आणि तिच्यात अडकलेले चिंध्या, केस, फुले, काय काय ते दाताळ्याने ओढून काढणारा एक कामगार होता. टँकरच्या त्या रात्री तो यजमानांबरोबर होता. नळी तुंबली तेव्हा हात घालून ती मोकळी करणारा तोच. नंतरच्या रविवारी यजमानांनी त्याला घरी बोलावले. मी चहा केला, आणि त्याला वेगळ्या कपात दिला. तो कप मी आदल्या दिवशी बाजारातून आणला होता. यजमानांच्या लक्षात आले. त्यांनी तोच कप स्वतःकडे घेतला आणि आपला त्याच्यापुढे सरकवला. कोणी काही बोलले नाही. तो चहा पिऊन, नमस्कार करून गेला आणि पुन्हा कधी आमच्या घरी आला नाही. मी त्या काळी दलित आत्मकथने वाचीत होते, त्यांच्यावर बोलतही होते. मैला हाताने काढण्यास बंदी करणारा पहिला कायदा १९९३ साली झाला, गटारांत व टाक्यांत माणसे उतरवण्यालाही हात घालणारा दुसरा २०१३ साली. त्यानंतरही या शहरात टाक्यांत उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत. टाकीतल्या जिवांना हवा पुरावी म्हणून यंत्रे रात्रंदिवस चालत असतात.

२०१५ च्या मे महिन्यात बेळ्ळंदूर तलावावरच्या फेसाने पेट घेतला. कन्नड वर्तमानपत्रांत ‘नोरे’ हा शब्द रोज येऊ लागला. एरवी दुधावरच्या किंवा साबणाच्या फेसासाठी ऐकलेला तो शब्द, आता रस्त्यावर उडून येणाऱ्या, दुचाकीस्वारांच्या अंगावर चिकटणाऱ्या पांढऱ्या ढिगांसाठी. यजमानांची प्रकृती तेव्हा बरी नसे, तरी त्यांनी मला रिक्षाने तेथे नेले. बंगळूरला नदी नाही. शहर पठाराच्या कण्यावर वसले आहे, आणि त्याचे पाणी पावसाळी कालव्यांतून, म्हणजे राजकालुव्यांतून, एका केऱ्यातून दुसऱ्या केऱ्यात उतरत जाते. पूर्वेकडच्या भागाचे बेळ्ळंदुरात, तेथून वर्तूरला आणि पुढे दक्षिण पिनाकिनीला. शेतीसाठी बांधलेल्या या साखळीतून वर्षानुवर्षे बहुतांशी कच्चे मैलापाणी वाहिले. घाण खाणारे जीव तलावातही असतातच. पण त्यांच्या वाट्याला येणारी घाण अमर्याद आणि हवा जवळपास नाही. ज्यांना हवा लागते ते मरतात, ज्यांना लागत नाही ते तळाशी मिथेन करीत राहतात. साबणाची द्रव्ये न मोडता पुढे जातात आणि सांडव्यावरून पाणी कोसळले की फेसाळतात. आग मिथेनने लागली, की काठावर जाळलेल्या कचऱ्याने, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत आणि २०१८ च्या जानेवारीत ती पुन्हा लागली, आणि शेवटच्या खेपेस विझवण्यासाठी लष्कराचे जवान आणावे लागले.

यजमान कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. मला वाटले, ते महापालिकेला किंवा आम्हा बंगळूरकरांना काहीतरी बोलतील. ते एवढेच म्हणाले, ‘हवाच नाही इथे. बिचारे काय करतील!’

तीन वर्षांनी, २०१८ च्या जूनमध्ये, याच खोऱ्यातले मैलापाणी शुद्ध करून कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तलावांत सोडण्यास आरंभ झाला. रोज ४४० दशलक्ष लिटरांची ती योजना होती. महिन्याभरातच तेथेही फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे पाणी पुन्हा सुरू झाले. यजमान तेव्हा त्या बातम्यांची कात्रणे काढीत. कोलारच्या विहिरींना पाणी लागले म्हणून शेतकरी खूश, आणि दुसऱ्या टप्प्यावरच थांबलेल्या शुद्धीकरणावर भागवले जाते म्हणून शास्त्रज्ञ साशंक. दोघेही बरोबर आहेत, असे त्यांनी कात्रणाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे.

अनुवादात मी अखेर ‘विरजण’ लिहिले, आणि पुढच्या वाक्यात ‘सक्रिय गाळ’ या रूढ संज्ञेचा उल्लेख केला. संपादकांचे सौजन्यपूर्ण पत्र आले: शब्द अर्थपूर्ण आहे, परंतु खाद्यपदार्थाशी निगडित असल्याने काही वाचकांना तो अप्रशस्त वाटेल, ‘सक्रिय गाळ’ एवढेच ठेवावे काय? मी पत्र दोनदा वाचले. १९८३ साली ते मीच लिहिले असते. उत्तरात मी शब्द बदलू नये अशी विनंती केली आहे आणि कारण म्हणून त्या टँकरची हकीकत कळवली आहे. कपाची कळवली नाही. त्यांचे उत्तर अजून यावयाचे आहे.